बोंग-ची आत्याची पाटी

लुंगवेई
१८ जानेवारी १९९३

चि. आ-शुई यास ताईचे अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारण, फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. फोन समोरच्या खोलीत आणि समोरच्या खोलीत अख्खं गाव. तू खासदार झाल्यापासून सगळ्यांना वाटतं की त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला सरकारच बसलंय. परवा मी दाताच्या डॉक्टरांची वेळ घेत होते, तर कोळंबीवाला मागून ओरडला, की ताई, माझ्या तळ्याच्या पाण्याचंही तेवढं घाला त्यांच्या कानावर.

निकालाच्या रात्री तुला टीव्हीवर पाहिलं. टाय बरा दिसत होता, पण मान अशी ताठ धरली होतीस की आत्या म्हणाली, पोराच्या घशात काटा अडकलाय का बघा. नगरसेवक झालास, जिल्ह्यात गेलास, आता तैपेई. लोक म्हणतात तू भाषणांवर निवडून आलास. मी म्हणते तू मयतांवर निवडून आलास. कुणाच्याही दारी मांडव पडला की आमचा आ-शुई बायकांच्या घोळक्यात बसून कागदाची कमळं दुमडतोय, आणि गेलेल्या माणसाला कालवं तिखट लागायची की गोड, हेही त्याला ठाऊक. तेवढं सोडू नकोस.

आता कामाचं. आत्याला आपल्या चांद्र नववर्षाच्या आत तुझा होकार हवाय. तिच्या पाठीमागे तिच्या नावाची पाटी आपल्या देव्हाऱ्यावर, बाबा आणि आईच्या पाट्यांशेजारी बसावी, एवढंच तिचं मागणं. भावकीतले तिसरे काका म्हणतात, बिनलग्नाच्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यावर जागा नाही, तिने बांधावरच्या कुमारिकांच्या देवळात जावं. तिथे कोण जातं उदबत्ती लावायला? लॉटरीचा आकडा विचारणारे तेवढे जातात. आत्या म्हणते, जन्मभर घर सांभाळलं ते काय मेल्यावर जुगाऱ्यांना आकडे सांगायला? तिने लग्न का केलं नाही हे तुला-मला सांगायला नको. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास आणि आपण दोघं आत्याच्या.

घरातला कर्ता पुरुष तू. तू हो म्हणालास की काकांचं काही चालत नाही. एक ओळ लिही. माझी जागा माझ्या नवऱ्याकडे पक्की आहे, त्याच्यासारखा नवरा असूनही; म्हणून मी तिच्यासाठी भांडते.

तुझी ताई,
यूए-शिया

—

तैपेई
९ मार्च १९९३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, उशीर झाला, क्षमा कर. इथे दिवस कुठे उगवतो आणि कुठे मावळतो कळत नाही. मला मत्स्य आणि शेतीच्या समितीवर घेतलंय. पहिल्याच बैठकीत मी कोळंबीच्या तळ्यांवर बोललो. शेजारच्या सभासदाने माझ्या बोलण्यातला गावाकडचा हेल काढून दाखवला. हसण्यावारी नेलं, पण आता सरकारी भाषा शुद्ध बोलायची शिकवणी लावली आहे.

मयतांची काळजी करू नकोस, त्याची पद्धत बसवली आहे. कार्यालयातली मिस काओ रोज सकाळी, मी सोयाचं दूध पीत असताना, मतदारसंघात गेलेल्यांची नावं वाचते. मी मान डोलावतो आणि त्याच दिवशी माझ्या नावाचा शोकपट निघतो. पांढऱ्या कापडावर चार सुंदर अक्षरं, खाली माझी सही आणि शिक्का. एकही मयत सुटत नाही. पूर्वी एकट्याने किती पुरणार होतो?

आत्याच्या विषयाबद्दल: विषय जिव्हाळ्याचा आहे आणि म्हणूनच घाई करता कामा नये. तिसऱ्या काकांच्या शब्दावर वेंग भावकी मत देते हे तू जाणतेस. सर्व संबंधितांशी बोलून योग्य वेळी निर्णय घेऊ. गेल्याच आठवड्यात मुलींना वडिलांच्या मालमत्तेत बरोबरीचा वाटा मिळावा म्हणून मी सभागृहात बोललो. कात्रण सोबत आहे, आत्याला वाचून दाखव. तिला बरं वाटेल.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
तिएन-शुई

—

लुंगवेई
२२ सप्टेंबर १९९४

चि. आ-शुई यास अ. उ. आ.

कात्रण वाचून दाखवलं होतं. आत्याने शांतपणे ऐकलं आणि त्यात कालवं गुंडाळून शेजारी पाठवली. बरोबरीचा वाटा मालमत्तेत म्हणे, देव्हाऱ्यात नाही.

तू गावात येऊन वर्ष उलटून गेलं. दुसऱ्या गावांत येतोस, हे पेपरात वाचतो. लुंगवेई घरचंच, इथली मतं कुठे जातायत, असं तुझ्या माणसांनी ठरवलं असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एक गंमत कळवते. आत्याने वाट बघून बघून शेवटी तुझ्या कार्यालयात स्वतः फोन केला. तीन वेळा. ती बोलणार आपल्या भाषेत, मिस काओला कळते सरकारी. आत्या म्हणाली, वेंगांच्या घरात माझ्या नावाची पाटी लागली पाहिजे, तेवढं त्याला सांग. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, की नोंद घेतली आहे, आजी. परवा नगरपालिकेचा माणूस मोटारसायकलवर आला आणि आपल्या दारावर घरनंबराची नवी कोरी निळी पाटी ठोकून गेला. वर सही मागितली, की तक्रार निकाली निघाली.

आत्या दारात उभी राहून ती पाटी बघत होती. मग म्हणाली, पोस्टमनची सोय झाली. मी हसले, तीही हसली, पण जेवली नाही. आ-शुई, माझी थट्टा कर, माझ्या नवऱ्याची कर, पण तिला झुलवू नकोस. ती थकली आहे. एक ओळ लिहायला काय लागतं रे?

तुझी,
ताई

—

लुंगवेई
१९ ऑक्टोबर १९९५

खासदार वेंग तिएन-शुई यांस सा. न. वि. वि.

असाच मायना घालते, आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

काल सकाळी आत्या अंगणात बायकांबरोबर कालवं सोलत बसली होती. दारात पांढरी गाडी थांबली. तुझा तो तेलकट केसांचा सहायक दंडाला काळी फीत लावून उतरला. मागून दोघा हमालांनी सरबताच्या डब्यांचा मनोरा उतरवला, मयताच्या मांडवात ठेवतात तो. सहायकाने चेहरा पाडून आत्यालाच विचारलं, की मांडव कुठे घातलाय आणि कै. वेंग वांग-शी यांचे जवळचे नातेवाईक कोण? आत्या सुरी खाली ठेवून म्हणाली, सगळ्यांत जवळची मीच. आणि तिने पोचपावतीवर अंगठा उठवला.

शोकपट उलगडला तेव्हा बायकांच्या हातातली कालवं गळून पडली. तिचंच नाव. वर चार अक्षरं, "चिरंतन माता-आदर्श". खाली तुझी सही आणि लालभडक शिक्का. जिवंत बाईच्या दारात! गावात असा अपशकुन कुणी आठवत नाही. मी ते कापड जाळायला निघाले, तर आत्याने हिसकावून घेतलं आणि समोरच्या खोलीत, बरोब्बर फोनच्या वर, टांगलं. काल दुपारपासून ती त्याच्याखाली बसून कालवं सोलते आहे आणि गाव रांग लावून बघायला येतंय. विरोधी उमेदवाराची भोंग्याची गाडी आपल्या आळीतून सहा-सात फेऱ्या मारून गेली. भोंगा म्हणत होता, ज्यांना जिवंत राहायचंय त्यांनी आम्हाला मत द्या.

उतारा काय करायचा हे तुला ठाऊक आहे. लाल कापड, फटाक्यांची माळ आणि डुकराच्या पायांच्या शेवया. ज्याने अशुभ केलं त्याच्या हाताने. तू ये.

यूए-शिया

—

तैपेई
२३ ऑक्टोबर १९९५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मिस काओला बोलावून सगळं विचारलं. लुंगवेईतल्या एक वेंग वांग-शी वारल्याचा फोन आला होता. तिने सकाळी नाव वाचलं, मी मान डोलावली. ताई, शपथेवर सांगतो, मला कळलंच नाही. आपण जन्मभर बोंग-ची म्हणत आलो. तीच अक्षरं सरकारी उच्चारात वांग-शी होतात, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण कुणी तिला त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "असू दे, वाढवू" असं नाव ठेवलेली पोर ती, आणि तिथे त्या कोऱ्या आवाजात ते नाव कुणातरी मोठ्या घरच्या बाईचं वाटलं. लुंगवेईत वेंग काय थोडे आहेत? दूध पिऊन मी उठलोसुद्धा.

अक्षरं संचातली असतात. बाई असेल आणि साठी उलटलेली असेल तर तो मजकूर आपोआप जातो. पण तिच्या बाबतीत तो खराच आहे, हे तिला सांग.

अंदाजपत्रकाचं मतदान तोंडावर असल्याने मला लगेच निघता येत नाही. सहायकाबरोबर शेवया, लाल कापड आणि फटाके पाठवतो आहे. तोवर तेवढा शोकपट उतरवून ठेव. वार्ताहर फोटो काढायला येतील. निवडणूक महिन्यावर आली आहे, ताई. कुणी खोटा फोन केला त्याचा छडा लावतोच. विरोधकांचंच काम असणार.

लोभ कमी करू नकोस, या आठवड्यात तर मुळीच नको.

तुझा,
तिएन-शुई

—

लुंगवेई
२७ ऑक्टोबर १९९५

चि. आ-शुई यास अ. उ. आ.

छडा लावू नकोस, लागलेला आहे. फोन आत्यानेच केला होता.

सरकारी भाषा येत नाही म्हणून मासळी बाजारातल्या लिलावाच्या बाईकडून करवला. मी कपाळावर हात मारला. आत्या म्हणाली, जिवंतपणी तीन वेळा फोन केला तर दारावर नंबर ठोकला. मेले म्हणून एकदाच सांगितलं तर आठवड्याच्या आत मोटार, माणूस, सरबत आणि शिक्क्याची सही. तुझ्या कार्यालयात मेल्याशिवाय कामं होत नाहीत, मग काय करायचं? पुढे तोंड फिरवून म्हणाली, मला वाटलं होतं तो स्वतः येईल. माझ्या मयताला तरी.

हे ऐकल्यावर मला तुझा इतका राग आला की काय लिहू.

सहायक शेवया घेऊन आला होता. आत्याने वाटीला हात लावला नाही. त्यालाच बसवून खायला लावल्या, आणि तो बिचारा शोकपटाखाली घाम पुसत सगळ्या खाऊन गेला. तिचं म्हणणं एवढंच, की शेवया तुझ्या हातच्या खाईन, आणि देव्हाऱ्याचं हो किंवा नाही तोंडावर ऐकून मगच.

तुझ्या सोयीसाठी हिशेब सांगते. हो म्हणालास तर तिसरे काका वेंग भावकीची मतं फिरवतील. नाही म्हणालास तर कालवं सोलणाऱ्या बायका फिरतील. त्यांत बिनलग्नाच्या आहेत, टाकलेल्या आहेत, नवऱ्याला टाकून आलेल्याही आहेत. रोज येऊन शोकपटाखाली बसतात आणि आपापली पाटी कुठे बसणार ते बोलतात. मला माहीतच नव्हतं की इतक्या जणींना ही काळजी खाते. राजकारण मला कळत नाही, पण सुऱ्या त्यांच्या हातात आहेत.

तुझी,
ताई

—

तैपेई
१ नोव्हेंबर १९९५

ती. ताईस शि. सा. न.

रविवारी येतो. शेवया तिथेच शिजव, नेलेल्या गार होतात आणि गार शेवयांचा फोटो चांगला येत नाही. सोबत दोन वाहिन्यांचे लोक असतील. तिसऱ्या काकांना पुढच्या रांगेत बसव, बायकांनाही. दोघांच्या मध्ये थोडी जागा सोड.

घाईत,
तिएन-शुई

—

लुंगवेई
६ नोव्हेंबर १९९५

चि. आ-शुई यास अ. उ. आ.

काल तू गाडीत बसलास आणि पुढच्या सभेला गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं.

तू आलास, पाया पडलास, शेवया भरवल्यास, रडलासही. ते रडणं खरं होतं, मी बहीण आहे, मला कळतं. पण कॅमेऱ्याकडे वळून जे बोललास, की आत्याची जागा आमच्या हृदयात आहे, ते ऐकून मी मान खाली घातली. टाळ्या पडल्या. काका खूश, की "देव्हारा" म्हणाला नाही; बायका खूश, की "नाही" म्हणाला नाही. बोलायला मात्र भारी शिकलास रे. सापही मेला नाही आणि काठीही उचलली नाहीस.

फटाक्यांचा धूर खाली बसला तसे काका उठले. आत्याने त्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत विनंती केली, की दादा, मी अडाणी, तुम्ही जुनी अक्षरं जाणता, भिंतीवर काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा. वाचायला सांगितलं की काकांना राहवत नाही. त्यांनी चष्मा चढवून खणखणीत वाचलं. तिने विचारलं, यात "माता" कुठलं? त्यांनी काठीने दाखवलं. तिने विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाले, खासदाराने. शिक्का खरा का? म्हणाले, खरा. मग तिने हळूच विचारलं, की वेंगांच्या घरात आईची पाटी कुठे बसते?

काकांनी चष्मा उतरवला. त्यांनाही ठाऊक आहे की हा मजकूर संचातला आहे. त्यांच्या सासूला हाच आला होता. पण म्हातारा भांडखोर असला तरी लिहिलेल्या अक्षराशी खोटं बोलत नाही. म्हणाले, देव्हाऱ्यावर. पुढे असंही म्हणाले, की खासदाराच्या शिक्क्याला किंमत नाही असं मनातून ते बरीच वर्षं म्हणत आलेत, पण चारचौघांत म्हणणार नाहीत. बायकांनी सुऱ्या टोपल्यांवर बडवून जो गोंगाट केला तो तुझ्या पुढच्या सभेपर्यंत यायला हवा होता.

एक अट मात्र घातली. पाटीवरच्या शेवटच्या अक्षराचा लाल ठिपका, ती गेल्यावर, घरच्या कर्त्या पुरुषाने द्यायचा. तुझ्याखेरीज दुसरा हात नाही. लोकांच्या पाट्यांना मान्यवर म्हणून ठिपके देत फिरतोस, तसा हा घरचा. म्हणजे तुझं "हो" अजून बाकीच आहे.

आत्याने रात्री दोन वाट्या भात खाल्ला. विजयी हो, आणि मफलर घाल.

तुझी,
ताई

—

तैपेई
१५ जानेवारी १९९६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

निकाल लागल्यापासून आज पहिल्यांदा निवांत बसलो. तुझा हिशेब दोन्ही बाजूंनी जमला, लुंगवेईच्या बायकांनी भरभरून मतं दिली आणि काकांनीही हात आखडता घेतला नाही. मी देव्हाऱ्याची जुनी रूढी मोडली, असं इथे सगळीकडे छापून आलंय. एका मासिकाने मुखपृष्ठावर घेतलं. महिला संघटना व्याख्यानांना बोलावतात. विषय ठरलेला, "देव्हाऱ्यातली समता". परवा बोलता बोलता माझेच डोळे भरून आले.

एक विनंती. तो शोकपट इकडे पाठवशील का? चौकटीत घालून कार्यालयात लावावा म्हणतो. भेटायला येणारे विचारतात.

ठिपक्याचं म्हणशील तर वेळ आली की देईनच, त्यात विचारायचं काय? ती वेळ खूप लांब असो. आत्याला सांग, नववर्षाला यायचा प्रयत्न करतो. निश्चित सांगत नाही, कारण त्या सुमारास शिष्टमंडळ परदेशी जाणार आहे.

लोभाची सवय झाली आहे, ती मोडू नकोस.

तुझा,
तिएन-शुई

—

लुंगवेई
१४ मार्च १९९६ (जलद टपाल)

चि. आ-शुई,

आत्या गेली. या वेळी खरी.

गेल्या गुरुवारी सकाळी अंगणात कालवं सोलत होती. शेजारणीला म्हणाली, ऊन छान आहे, जरा टेकते. टेकली ती उठली नाही. मी आले तेव्हा हात ओलेच होते.

आठवडाभर तुझ्या कार्यालयात रोज फोन करते आहे. मिस काओने नाव विचारलं, मी या खेपेला मुद्दाम सरकारी उच्चारात सांगितलं. तिने यादी बघितली आणि म्हणाली, त्यांना आमच्याकडून गेल्या ऑक्टोबरातच पाठवलाय. काम पूर्ण झाल्याची नोंद आहे, एका व्यक्तीला दुसरा निघत नाही. मी म्हटलं, बाई, दुसरा नको, मला भावाशी बोलायचंय. ती म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही आमची चेष्टा केलीत, आता साहेबांना मी काही कळवणार नाही. तिचंही काय चुकलं? तुझ्या दप्तरी आत्या पाच महिन्यांपूर्वीच वारली आहे. तुझ्या घरी नंबर फिरवला, तर तिथेही यंत्र बोलतं, की निरोप ठेवा. असला निरोप यंत्रापाशी ठेवायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते.

पंचांग बघून अंत्यविधीला येता बुधवार ठरलाय. पाटी तयार आहे, बाबांच्या पाटीच्याच लाकडाची. नाव कोरून झालं, शेवटच्या अक्षराचा ठिपका कोरा आहे. काकांना विचारलं, सहायकाचा हात चालेल का? म्हातारा रडत होता, पण म्हणाला, चालणार नाही. ठिपका पडला तर ती पाटी. नाही पडला तर ते लाकूड, आणि ते संध्याकाळी बांधावरच्या देवळात ठेवून यावं लागेल. कालवं सोलणाऱ्या सगळ्या जणी बुधवारी येणार आहेत. त्या तुझ्याकडे बघणार नाहीत, ब्रशकडे बघतील.

वाहिन्या आणू नकोस. भाषण आणू नकोस. शोकपट तर मुळीच नको.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. लोभ नसला तरी चालेल, आ-शुई. बुधवारी तू असावास.

ताई